विल्कस, विल्किएने, विल्काइते

५ फेब्रुवारी, सोमवार

आज माझ्यावर घोर अन्याय झाला. इतिहासानं त्याची दखल घेतली नाही तरी या वहीनं घ्यावी. युरोपीय संघाच्या न्यायालयाच्या फाटकावर पत्रकाराचा नवा पास मिळाला, आणि त्यावर माझं आडनाव 'सिलेइका' असं छापलेलं आहे. मी शिलेइका. आमच्या लिथुआनियन लिपीत 'स'च्या डोक्यावर टोपी घातली की त्याचा 'श' होतो. छपाईयंत्रानं ती टोपी उडवली. ज्यानं विल्नियसला पाच वर्षं संस्कृत घोकलं, त्याला स आणि श यांतलं अंतर कुणी शिकवायला नको. 'सकल' म्हणजे सगळं, 'शकल' म्हणजे तुकडा. स्वजन म्हणजे आपला माणूस, श्वजन म्हणजे कुत्रा. टोपीवाचून केवढा अनर्थ!

खिडकीतल्या माणसानं पास उलटसुलट करून पाहिला.

“फोटो तुमचाच ना?”

“फोटो माझा. आडनाव दुसऱ्याचं.”

“मग फोटोवर भागवा.”

दुल्सेला सांगितलं. ही पोर्तुगीज रेडिओची वार्ताहर, वीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसून माझी टवाळी करते. म्हणाली, “टोपी गेली ना? डोकं शाबूत आहे ना? मग रडतोस कशाला?”

रडण्याचं खरं कारण असं की उद्याचा खटलाच मुळी आडनावाचा आहे. आमच्या देशातल्या एका आजीबाईंचा. त्यांचं नाव दांगुओले विल्किएने. पण दस्तऐवजात ते सापडणार नाही. खाजगी माणसांची नावं झाकायची म्हणून हल्ली इथला संगणक प्रत्येक खटल्याला एक बनावट नाव काढून देतो, ज्याचा कशाशीच संबंध नाही. या खटल्याला मिळालं 'तार्मेला'. तीन वर्षं बाई आडनावासाठी भांडते आहे, आणि न्यायाच्या दारात पाऊल टाकताच तिचं उरलंसुरलं नावही काढून घेतलं. माझी तर नुसती टोपी गेली. तक्रार मागे घ्यायला हरकत नाही.

६ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी न्यायालयात जाताना नेहमीप्रमाणे ट्राम. चालक माझी मुलगी, उग्ने. योगायोगच, एरवी तिची पाळी दुपारची असते, या आठवड्यात सकाळची. नाव मी ठेवलं; आमच्याकडे उग्ने म्हणजे आग, अग्नीच. अग्नीनं देवांना हविर्भाग पोचवावा, ही माणसांना टेकडीवरच्या कचेऱ्यांत पोचवते. या देशात ट्रामला तिकीट नाही, त्यामुळे 'मुक्त संचार' या शब्दाचा खरा अर्थ आमच्या घरात फक्त तिलाच कळलेला आहे. उतरताना मी काच वाजवली. तिनं घंटा वाजवली. आमचं बरंचसं संभाषण असंच होतं.

आता खटला. विसरण्याआधी नीट लिहून ठेवतो.

आमच्यात बापाचं आडनाव विल्कस असेल तर त्याच्या बायकोचं विल्किएने होतं आणि लग्न न झालेल्या मुलीचं विल्काइते. घर एकच, प्रत्यय तीन. विल्कस म्हणजे लांडगा. संस्कृतातला 'वृक' आमच्या दारात येऊन थोडा गारठला, एवढंच. दांगुओलेबाईंचा मुलगा रोमास विल्कस उत्तरेकडच्या एका बंदरात कामाला होता. (गाव आणि देश इथं लिहीत नाही. वही कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही, आणि तिथले लोक मनानं वाईट नाहीत.) बायको केव्हाच सोडून गेलेली. तीन वर्षांपूर्वी रोमास हृदयविकारानं गेला. मागे राहिली मुलगी, आउस्तेया विल्काइते, तेव्हा आठ वर्षांची, तिथल्या शाळेत. आजी पिशवी उचलून गेली ती परत आलीच नाही.

कायदा म्हणतो: आपल्या संघाचा नागरिक दुसऱ्या देशात काम करत होता, त्याचं मूल तिथं शिकतं आहे, तर मुलाला तिथंच राहून शिकायचा हक्क. आणि मूल एकटं कसं राहील? म्हणून त्याला सांभाळणाऱ्या आईबापालाही हक्क. पण आजीला? आजीला नोकरी नाही, पेन्शन चिमूटभर. गावच्या कचेरीनं सांगितलं, तुम्ही परत जा. मुलीची सोय आम्ही एखाद्या चांगल्या कुटुंबात करू. शिवाय विल्कस, विल्किएने, विल्काइते ही तीन वेगळी कुटुंबं दिसतात. आणि शिवाय तुम्ही खोटा अर्ज भरला आहे.

हा खोटा अर्ज म्हणजेच आजचा दिवस.

मोठं दालन. छतावरून सोनेरी जाळी पडद्यासारखी उतरलेली, खाली गडद लाल झग्यांतले पंधरा न्यायाधीश, भोवती काचेच्या खोल्यांत दुभाषे. वीस वर्षं येतोय, अजून आत शिरताना नकळत कोटाचं बटण लावतो. त्या देशाचा वकील उभा राहिला. सभ्य माणूस. म्हणाला, या बाईंनी अर्जात स्वतःचं आडनाव विल्काइते लिहिलं. पारपत्रावर ते विल्किएने आहे. ही ओळखीबाबत दिशाभूल आहे.

मधल्या न्यायाधीशांनी आजीबाईंच्या वकिलाला विचारलं, असं का लिहिलं? वकीलबाई मागे वळल्या. पक्षकारानं स्वतः बोलावं असं इथं जवळजवळ कधी होत नाही. पण अध्यक्षांनी मान हलवली, आणि तपकिरी कोटातली एक ठेंगणी बाई मागच्या रांगेत उभी राहिली. दोन्ही हातांनी पुढची खुर्ची धरली.

“खिडकीतल्या बाई म्हणाल्या, दोघींचं आडनाव एक असेल तरच पुढचं बोला. पोरीचं बदलायचा मला हक्क नाही, ते तिच्या बापानं दिलंय. म्हणून मी माझं बदललं.”

आमच्या सरकारचा माणूस बोलणार होता म्हणून लिथुआनियनचे दुभाषे हजर होते. ते वाक्य काचेच्या एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जाताना मी कानांनी पाहिलं. आधी फ्रेंच ऐकणाऱ्यांच्या माना वर झाल्या, मग जर्मन, मग ग्रीक. सगळ्यांत शेवटी फिन्लंडचा न्यायाधीश. मग दालनात असं काही शांत झालं की मी पेन टोपणात घातलं. चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात बीट सोललेल्या बाईनं एक वाक्य बोलावं, आणि सत्तावीस देशांच्या कायद्यानं थांबून ते ऐकावं! मी पुष्कळ देवळं पाहिली आहेत. हे त्यांतच धरावं लागेल.

अध्यक्ष म्हणाले, “आभारी आहे. बसा.”

ती म्हणाली, “उभी राहिले तरी चालेल.”

७ फेब्रुवारी, बुधवार

रेडिओवर वार्तापत्र दिलं. शेवट फार छान साधला. 'आपल्या नातीसाठी एकसष्टाव्या वर्षी दांगुओलेबाई पुन्हा कुमारिका झाल्या.' विल्नियसहून संपादकांचा फोन आला, हसून हसून पुरेवाट झाली म्हणे.

संध्याकाळी उग्नेला ऐकवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

“यात विनोद कुठला, बाबा?”

“कुमारिका. 'आइते' प्रत्यय.”

“ते कळलं मला.” आणि बटाटे सोलायला लागली.

ट्राम चालवून विनोदबुद्धीवर परिणाम होत असावा. सारखं रुळांवरूनच जायचं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जेवायला घरी गेलो तर स्वयंपाकघरात दांगुओलेबाई. तपकिरी कोट खुर्चीच्या पाठीला, मांडीवर ताट, आणि भाकरी कापायचं काम चाललेलं. राय नावाच्या धान्याची काळी भाकरी, पंधराशे किलोमीटर पिशवीतून आणलेली. उग्नेनं ट्राममध्ये ओळखलं म्हणे. बाई चुकीच्या दिशेला चालल्या होत्या. शेवटच्या थांब्यापर्यंत नेलं, पाळी संपल्यावर घरी आणलं. बस संध्याकाळची होती.

“हे का ते रेडिओवाले?” बाईंनी उग्नेला विचारलं. मला नाही.

“हेच.”

“बसा ना, साहेब. तुमचंच घर आहे.” भाकरीचा तुकडा माझ्यापुढे सरकवला. “काल माझ्या भावाचा फोन आला गावाहून. म्हणाला, कुमारी विल्काइते, स्थळं बघायला लागू का? जवळच दुकानात पाच-सहा जण बसलेले. सगळ्यांनी ऐकलं होतं.”

मी खोकलो. म्हणालो, “माझा हेतू तसा नव्हता.”

“नसेलच. हेतू वाईट असता तर इतकं मजेशीर झालं नसतं.” मग हसल्या, आणि ते हसणं त्या विनोदापेक्षा खरं होतं. “सोडा. माफीबिफी नको. एवढंच सांगा, तुम्ही रोज बघता ना ती माणसं? पोर राहील माझ्याजवळ?”

मी वीस वर्षांत शेकडो खटले पाहिले. त्यांची आकडेवारी माझ्याजवळ आहे. मी भाकरीचे कण बोटांनी गोळा करत बसलो.

“नाही सांगता येत,” उग्ने म्हणाली. “बाबांना नाही सांगता येत. पण मला वाटतं राहील.”

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. “तुला कुणी वाढवलं गं?”

“आजीनं. पानेवेझिसला. चौथ्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत.”

“अस्सं. म्हणून भाकरी नीट धरतेस.”

खरंच आहे ते. उग्नेची आई गेली तेव्हा मला इथली जागा नुकतीच मिळाली होती. तिला माझ्या आईकडे ठेवण्याची व्यवस्था अतिशय उत्तम होती. मी दर नाताळला जात असे, उन्हाळ्यात तीन आठवडे, आणि दर महिन्याला पार्सल. पुस्तकं भरपूर. मी बाईंना हे सगळं सविस्तर सांगितलं. त्या “हो का, हो का,” म्हणत राहिल्या आणि उग्नेच्या वाडग्यात सूप वाढत राहिल्या. सूप जरा खारट झालं होतं.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

आमचा स्वातंत्र्यदिन. दूतावासात समारंभ, भाषणं, पिवळा-हिरवा-लाल केक. एका अधिकाऱ्यानं सांगितलं की आउस्तेयाच्या बाबतीत ती 'चांगली कुटुंबं' खरोखर चांगली आहेत, त्यानं चौकशी केली आहे. कुत्रा आहे, पियानो आहे. त्यानं हे सद्भावनेनं सांगितलं. मी केक खाल्ला नाही.

३० मे, गुरुवार

वाईट दिवस. महाअधिवक्त्यांचं मत आलं. न्यायाधीशांच्या आधी एक विद्वान सगळा खटला तपासून आपला सल्ला लिहितो. तो बांधील नसतो, पण बहुतेकदा तसंच होतं. साठ पानं. हुशार, स्वच्छ, निर्दय नाही. निष्कर्ष: आधीच्या निवाड्यांत शब्द आहे 'पारां', त्याचा अर्थ आई किंवा बाप, आजी त्यात येत नाही, आजीची दया येते, पण दयेला आधार सापडत नाही.

दुल्से म्हणाली, “गेली तुझी म्हातारी.”

“थांब. 'पारां' फ्रेंच शब्द आहे. फ्रेंचमध्ये त्याचे दोन अर्थ. आई-बाप, आणि कुठलाही नातलग. हे न्यायाधीश आपसात बोलतात फ्रेंचमध्येच.”

“आल्गिस, एका शब्दावर पोर राहत नाही.”

“अगं, या इमारतीत दुसरं आहे तरी काय? सोनेरी जाळी आणि शब्द.”

ती हसली नाही. सिगारेट न पेटवता हातात धरून उभी राहिली. तिची आईही लिस्बनजवळ एकटी असते.

घरी उग्नेला समजावून सांगितलं. तिला या खटल्यात एवढा रस का, कोण जाणे. कायद्याकडे वळली असती तर नाव काढलं असतं. तिनं विचारलं, “आणि संस्कृतात?”

मी खूष झालो. कित्येक वर्षांत तिनं हा प्रश्न विचारला नव्हता. “पिता हा शब्द 'पा' धातूवरून लावतात. पाति इति पिता. रक्षण करतो तो पिता. अर्वाचीन भाषाशास्त्रज्ञ याला नाक मुरडतात, पण जुन्या लोकांना ते शोभून दिसलं.”

“म्हणजे जो सांभाळतो तो.”

“व्याकरणदृष्ट्या.”

“हो, व्याकरणाचंच विचारत होते मी,” ती म्हणाली आणि पानेवेझिसला फोन लावायला आतल्या खोलीत गेली. रोज लावते. माझी आई चौऱ्याऐंशीची झाली. त्या दोघी काय बोलतात समजत नाही, मधूनमधून नुसतं हसू ऐकू येतं.

११ सप्टेंबर, बुधवार

पासवरची टोपी परत मिळाली. अर्ज केला होता. आता मी पुन्हा शिलेइका. वाटलं होतं त्यापेक्षा आनंद कमी झाला.

दांगुओलेबाईंचं पत्र आलं, खरंखुरं, टपालानं. आउस्तेयानं चित्र काढलं आहे: तीन लांडगे, मोठा आभाळात, दोन खाली. आभाळातल्याच्या पायाखाली 'विल्कस', खालच्या दोघींच्या पायाखाली 'विल्किएने', 'विल्काइते'. बाईंनी लिहिलं आहे, 'निकालाच्या दिवशी येता येणार नाही, पोरीची शाळा आहे. तुम्ही ऐकून लगेच कळवा. रेडिओवर सांगायच्या आधी मला.'

२४ ऑक्टोबर, गुरुवार

निकाल.

सकाळी साडेनऊ. पंधराचे पंधरा येत नाहीत, थोडेच येतात, आणि निकालाचा शेवटचा भाग तेवढा वाचतात. दोन-तीन मिनिटांचं काम. कितीतरी गुरुवारी मी ते ऐकताना खरेदीची यादी केली आहे. आज दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. दुल्से माझ्याच बाकावर येऊन बसली, तिचा आज इथं काहीच खटला नसताना.

अध्यक्षांनी वाचलं, खालच्या आवाजात. शिकणाऱ्या मुलाचा हक्क कागदावर राहू नये, तर त्याला रोज प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या व्यक्तीला त्याच्याजवळ राहता आलं पाहिजे. ती व्यक्ती आई-बापच असली पाहिजे असं नाही. बघायचं ते एवढंच, की रोज कोण सांभाळतं. आडनावं भाषेच्या नियमानं वेगळी झाली म्हणून नातं वेगळं होत नाही. आणि अर्ज खिडकीवर सांगितलं तसाच भरला असेल, तर ती लबाडी ठरत नाही.

झालं. पुढचा क्रमांक.

त्या गावच्या न्यायालयाला आता याच वाटेनं निकाल द्यावा लागेल. आणि फक्त त्याच गावाला नाही. लॅपलंडपासून माल्टापर्यंत जिथं जिथं एखादी आजी, एखादा मामा, एखादी थोरली बहीण कुणा पोराला शाळेत सोडून दाराशी उभी असेल, तिच्या पाठीशी आजपासून हे तीन परिच्छेद उभे आहेत. चोवीस भाषांत. तिला ते कधी कळणारही नाही. वेदांना अपौरुषेय म्हणतात. कुणी माणसानं रचले नाहीत म्हणून थोर. मला आज उलट वाटलं. हे माणसांनी रचलं, फ्रेंचमध्ये भांडत, समासात खाडाखोड करत, आणि तरीही!

दुल्सेनं माझ्या हातात रुमाल दिला. “सर्दी झालीय तुला,” म्हणाली.

बाहेर पायऱ्यांवरून फोन केला. रेडिओच्या आधी.

“राहणार,” मी म्हणालो. “तिच्याजवळ तुम्ही. तुमच्याजवळ ती.”

पलीकडे भांड्याचा आवाज. उकळतंय काहीतरी. मग त्या म्हणाल्या, “मग आता शाळेच्या फॉर्मवर काय लिहू?”

“विल्किएने.”

“आणि तिचं?”

“विल्काइते.”

“नाही म्हणजे, परत विचारलं खिडकीवर तर?”

“तर सांगा, आमचं व्याकरण आहे.”

“व्याकरण,” त्या म्हणाल्या, शब्द चाखून पाहिल्यासारख्या. “बरं साहेब. बटाटे लागतील खाली. ठेवते.”

रेडिओचं वार्तापत्र अगदी साधं केलं. एकही विनोद नाही. संपादकांनी विचारलं, बरं आहे ना तुला?

टेकडीवरून खाली येताना उग्नेची ट्राम. मी काचेतून अंगठा वर केला. तिनं घंटा वाजवली, थांबा नसताना, दोनदा. मग तिसऱ्यांदा. डब्यातली माणसं दचकली.

२ नोव्हेंबर, शनिवार

पितरांचा दिवस. आज गावोगावी आमचे लोक थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. मी खिडकीत एकच लावली, उग्नेच्या आईसाठी.

उग्ने काल पानेवेझिसला गेली. माझ्या आईचा खुबा मोडला आहे. शेजारणीनं मंगळवारी कळवलं. कळवलं उग्नेला, मला नाही. तिनं ट्राम कंपनीकडे तीन महिन्यांची रजा मागितली आणि मिळवली. मी म्हटलं, नर्स ठेवू, पैसे पाठवू, व्यवस्था करू. ती म्हणाली, “व्यवस्था आहे, बाबा. मी जातेय ना.” आवाजात राग नव्हता. राग असता तर उत्तर देता आलं असतं.

रजेच्या अर्जाची प्रत टेबलावर राहिली होती. इथं असे फॉर्म फ्रेंचमध्ये असतात. एक रकाना आहे: आजारी 'पारां'चं नाव. उग्नेनं तिथं तिच्या गोल अक्षरात आजीचं नाव लिहिलं आहे. एल्झबिएता शिलेइकिएने. टोपीसकट. खिडकीतल्या बाईंनी काही विचारलं नाही. शिक्का मारला आहे.

तासभर तो कागद बघत बसलो. आधी भाषातज्ज्ञ म्हणून बघत होतो. फ्रेंच शब्दाचे दोन अर्थ, रकाना बरोबर भरला आहे, निकालाशीही सुसंगत. मग तेही बघून संपलं.

नऊ महिने मी सगळ्यांना सांगत फिरलो की बघायचं ते एवढंच, की रोज कोण सांभाळतं. वार्तापत्रात सांगितलं, फोनवर सांगितलं, अध्यक्षांच्या तोंडून ऐकलं तेव्हा डोळे भरून आले. त्या मापात आजी बसली. दांगुओलेबाई बसल्या. अकरा वर्षं नाताळला पुस्तकं घेऊन जाणारा मी त्या मापात बसत नाही.

मला काळजी आईच्या खुब्याची आहे, ती आहेच. पण खरी काळजी ही नाही. उद्या मी पडलो तर उग्ने येईल. मला ठाऊक आहे, ती येईलच, तशी मुलगी आहे ती, आजीनं तशी वाढवली आहे. त्या रकान्यात माझं नाव लिहायच्या आधी तिचं पेन क्षणभर थांबेल का, याची मला भीती वाटते. आणि हे तिला विचारायचं धाडस मला होत नाही.